मागच्या अंगणातली ठिगळांची नळी

मित्रांनो, मी एक जुनी पाण्याची नळी आहे. साप नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या नावाने मी पुष्कळ मार खाल्ला आहे.

दुकानातून आले तेव्हा मी हिरवीगार होते. उन्हाने मातकट झाले, जागोजागी फुटले. मग घरातल्या आत्यांनी मला सायकलच्या ट्यूबची काळी गोल ठिगळं लावली. झाडांना पाणी त्याच घालत, आणि स्वतःच लावलेली ठिगळं विसरून मला बघून किंचाळतही त्याच. एकदा तर झाडूने बडवलं.

"साप साप म्हणून भुई कशाला धोपटतेस गं आत्या? चष्मा बदल!" त्यांची कॉलेजात जाणारी भाची पोट धरून हसायची. भुईचं काय गेलं? मार मी खाल्ला.

नळ सुरू केला की माझ्या भोकांतून फुस्स असा आवाज यायचा. घराला त्याची सवय झाली होती. पुढे नळाजवळच्या लाकडांच्या ढिगात उंदीर झाले आणि उंदरांमागून खरा पाहुणा आला.

एका सकाळी मी नळापाशी अस्ताव्यस्त पडले होते. माझ्या शेजारीच एक घोणस वेटोळं करून बसली होती. विषारी जात, आणि रंग मातकट, अंगावर गडद गोल ठिपके. आत्या आल्या आणि दचकल्या, पण ओरडल्या नाहीत. पुन्हा हसं होईल याची त्यांना लाज वाटली. फुस्स आवाज आला, तशा त्या नळी समजून तिलाच उचलायला वाकल्या.

"अगं, नळ बंद कर, पाणी वाया जातंय!"

"बंदच आहे की," भाची दारातून म्हणाली.

आत्यांचा हात जागीच थांबला. त्या हळूहळू मागे सरकल्या. "साप आहे."

"झालं सुरू! थांब, मीच गुंडाळते." भाची अनवाणीच पुढे आली.

आत्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. "हसायचं ते इथे उभी राहून हस!"

तेवढ्यात वेटोळ्यातून डोकं वर आलं. भाची हसली नाही. आत्यांना बिलगून रडली. सर्पमित्राला बोलावलं, तो घोणस घेऊन गेला. लाकडं हलवली, मला खुंटी मिळाली.

मित्रांनो, काम झालं की मला गुंडाळून ठेवा, एवढं तर कराच. पण घाबरणाऱ्याला इतकंही हसू नका, की खरा साप दिसल्यावर तो गप्प बसेल.