धुवायचा नसलेला स्पंज

आमची लॉन्ड्री. नवऱ्याला कुठेही मळ दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. मी दोन दिवस माहेरी काय गेले, यांनी माझ्या माशांच्या टाकीतला फिल्टर उघडला, आतला काळपट स्पंज ब्लीचमध्ये बुडवला, खळखळून धुतला आणि पांढराशुभ्र करून परत बसवला. वर फोन करून कौतुकानं सांगितलं!

आठवड्यात पाणी गढूळ झालं, चार मासे मेले. एकटा शेपट्या उरला, तोही पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. दिवसभर लोकांचे कपडे चोळून झाले की अर्धा तास मी त्याच्यापुढे बसते. या घरात माझं म्हणावं असं तेवढंच.

"रविवारी टाकी रिकामी करा," सासूबाईंनी फर्मान काढलं.

"बघते कोण करतं ते," म्हणून मी तडक माशांच्या दुकानात गेले.

दुकानदारानं कपाळावर हात मारला. "अहो ताई, त्या मळातच माशांची घाण पचवणारे जंतू असतात. तेच मारलेत तुम्ही!" त्यानं स्वतःच्या चालू फिल्टरमधला कळकट स्पंज पिशवीत घालून दिला. "हा बसवा. रोज थोडं पाणी बदला, पण नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवून. खाणं चिमूटभरच."

"दुसऱ्याची घाण घरात आणलीस?" सासूबाई कडाडल्या.

"आणली. आपण रोज गठ्ठ्यानं आणतो."

रविवारी हे बादली घेऊन आले. शेपट्या अजून धापा टाकत होता, पण जिवंत होता. मी टाकीपुढे खुर्ची ओढून ठाण मांडलं. "आधी मला उचला." हे बादली तिथेच आपटून निघून गेले.

महिन्याभरानं त्याच बादलीत मी टाकीतलं पाणी काढलं, फिल्टरचा प्लग काढला, स्पंज त्या पाण्यात दोनदा हलकेच पिळला.

"अजून काळाच आहे की! दे इकडे," म्हणत यांनी हात पुढे केलाच.

गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावतो तसली एक चिठ्ठी मी घेतली, तिच्यावर 'धुवायचा नाही' असं लिहिलं आणि टाकीच्या काचेवर चिकटवली.

"वीस वर्षं जगाचा मळ काढला मी. हा माझा आहे. हात लावून तर बघा!"

यांनी हात मागे घेतला. शेपट्या तळाशी निवांत खडे चिवडत होता.