आधी हाक, मग नाव

आमच्या वंशावळ मंडळात आम्ही तिघे पदाधिकारी, आणि तिघेही फुकट राबणारे. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. दवाखाना लेकीच्या हाती सोपवल्यापासून मोकळे. "जन्मभर लोकांची मुळं उपटली, आता शोधून देतोय," हा त्यांचा एकुलता एक विनोद, आणि नव्या सभासदाला तो ऐकवल्याशिवाय ते खुर्चीवर बसू देत नाहीत. खजिनदार म्हणजे शिंपीकाका. खजिन्यात ठणठणाट असतो, त्यामुळे ते खाकी कागद पसरून शिंप्याच्या खडूने लोकांचे वंशवृक्ष काढतात. आणि सचिव मी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, म्हणून माझं नाव पडलं 'एक्स्चेंज'. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही, पण पाठ वळली की म्हणतात, आणि ते मला ऐकू येतं. मला सगळंच ऐकू येतं असा माझा समज होता.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये आमची शनिवारची बैठक भरते. तिथे माझा एक नियम चालतो: आधी हाक, मग नाव. म्हातारं माणूस बोलायला बसलं की अमक्याचं नाव काय, हे आधी विचारायचं नाही. तुम्ही त्याला काय म्हणून हाक मारायचा, ते विचारायचं. नाव माणूस विसरतो, बदलतो, सरळ थाप मारतो. हाक जिभेला चिकटलेली असते. एका दुकानदाराची आई एका बाईबद्दल सारखी "आमची शेजारीण, शेजारीण" करत होती, आणि बोलता बोलता म्हणाली, "वन्सं माझ्यावर तेवढ्या एकदाच रागावल्या." झालं! शेजारणीला कुणी वन्सं म्हणतं का? ती निघाली नवऱ्याची सख्खी बहीण, घराने तोडलेली. दुकानदाराने तोंडात बोटं घातली. मी मात्र चहा पीत बसले होते, मोठी शहाणी.

नियम आणखी दोन. आपल्या नातेवाइकाला आपण प्रश्न विचारायचे नाहीत, दुसऱ्याने विचारायचे. आणि रेकॉर्डर ज्याच्या हातात, त्याने तोंडातून ब्र काढायचा नाही. हे दोन्ही मीच केलेले. कुणाला दोष देऊ?

यंदा अध्यक्षांच्या डोक्यात किडा वळवळला. म्हणाले, "दिव्याखाली अंधार आहे आपल्या. लोकांची मुळं खणतो, आपली कुणाला माहीत आहेत? फलकावर पदाधिकाऱ्यांची ओळख लावू. तिघांचे वृक्ष."

"लावा की," मी म्हटलं. "माझ्यात लपवण्यासारखं काही नाही."

पहिला फटका त्यांनाच बसला. आजोबा मोठे व्यापारी, देशोदेशी फिरलेले, असं ते आम्हाला कायम सांगत आले. मी त्यांच्या थोरल्या आत्याला विचारलं, गावातली पोरं तुमच्या वडिलांना काय हाक मारायची? आत्या म्हणाली, "पोरं ना? 'नाक्या' म्हणायची. लाल नाक लावायचे ना ते." आजोबा सर्कशीत विदूषक होते. फिरले देशोदेशी हे खरं, पण तंबूबरोबर. दातांच्या डॉक्टरांचीच दातखीळ बसली. मग एवढे हसले, एवढे हसले, की डोळे पुसायला लागले, आणि हसण्याचं रडणं कधी झालं ते आम्हाला कळलं नाही.

शिंपीकाकांनी आपला कागद स्वतःच आणला. मधोमध एक खडूची खूण, आणि बाकी कोरा. "मी अनाथालयातला," ते म्हणाले. "मला हाक मारणारं कुणी नव्हतं. घंटा वाजायची." इतकी वर्षं आमच्याबरोबर बसून लोकांच्या पणजोबा-खापरपणजोबांच्या रेघा ओढणारा माणूस! मी त्यांच्यावरच खेकसले, "मग आधी सांगायला काय झालं होतं?" ते म्हणाले, "तुम्ही कुठे विचारलंत?"

मग आली माझी पाळी. आई-बाबा जाऊन काळ लोटला. भाऊ दूरदेशी. घरात मी आणि मावशी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहिली, आमचे डबे भरले, आईच्या शेवटच्या आजारपणात तिला हातावर झेललं. आता तिच्या हृदयाची झडप निकामी झाली आहे. सोमवारी ऑपरेशन ठरलंय. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की या वयात भूल दिली तर माणूस उठेलच अशी खात्री नाही. म्हणून अध्यक्ष म्हणाले, मुलाखत या शनिवारीच उरकू. मीही हो म्हटलं. मला तिचा आवाज हवा होता, दुसरं काही नाही. माझ्या वंशवृक्षाबद्दल तिच्याकडून नवीन कळण्यासारखं काय होतं?

दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मावशी मटार सोलत होती. हात रिकामे ठेवायचे म्हणजे तिला शिक्षा. शिंपीकाकांनी कागद पसरला. बाबा, त्यांच्या शेजारी आई, खाली मी आणि भाऊ. मावशी आईच्या पलीकडे, रेघेच्या टोकाला. मी रेकॉर्डर सुरू केला आणि मूग गिळून बसले.

अध्यक्षांनी छान सुरुवात केली. मावशी खुलली. माझ्या लहानपणचे किस्से सांगायला लागली.

"एकदा नळ तुटला ना, घरभर पाणी! ही बया चपला तरंगवतेय पाण्यात, ताई फडकी शोधतेय, आणि मी गळा काढला, 'अहो, धावा, घर बुडालं!' हे आले साबण लावलेल्या तोंडाने, अर्धी दाढी तशीच."

आम्ही सगळे हसलो. मला तो दिवस आठवत होता. चपला तरंगवल्याचं चांगलंच आठवत होतं.

अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, "म्हणजे हिच्या बाबांना तुम्ही काय हाक मारायचा? अहो भाऊजी?"

"छे!" मावशी हसतच म्हणाली. "त्यांना भाऊजी कसं म्हणीन मी?"

आणि थांबली. तिच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली तशीच राहिली.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं आणि झटकन मान वळवली. शिंपीकाकांचा खडू कागदापासून वीतभर वर तसाच थांबला. बहिणीच्या नवऱ्याला बाई भाऊजी म्हणते. आणखी काही म्हणेल, नावानेही हाक मारेल. पण "भाऊजी कसं म्हणीन" असं कोण म्हणतं? मी आठवायला लागले. जेवायला बसायच्या वेळी, आजारपणात, भांडणात, मावशीने बाबांना भाऊजी म्हटल्याचं एकदा तरी ऐकलंय का मी? एकदाही नाही! "बाबांना सांग, पान वाढलंय." "ताई, त्यांना विचार." कायम दुसऱ्याच्या तोंडून. आणि मी, लोकांच्या हाका पकडणारी, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधत फिरले.

"मावशी," मी म्हटलं. नियम गेला चुलीत. "तू काय म्हणालीस?"

"बंद कर ते यंत्र."

"तू काय म्हणालीस?"

"आधी बंद कर, पोरी."

मी बंद केलं. अध्यक्ष उठायला लागले. "आम्ही निघतो." मावशी म्हणाली, "बसा हो. आता तुम्ही ऐकलंच आहे. अर्धवट ऐकून गेलात तर बाहेर भलतंच काही उठेल."

मग तिने सांगितलं. आवाज न चढवता, शेंगा सोलत.

बाबांचं लग्न तिच्याशी झालं होतं. ताईचं, म्हणजे आईचं, जमत नव्हतं, म्हणून हिचं आधी झालं. मी झाले. मी रांगायला लागले आणि तिला छातीचा आजार जडला. तेव्हा त्या आजाराचं माणूस घरात ठेवत नसत. तिला डोंगरावरच्या इस्पितळात नेलं आणि ताई मला सांभाळायला आली. तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. घरी कळवलं की आशा सोडा. लेकराला आई हवी म्हणून चार मोठ्यांनी बसून बाबांचं ताईशी लावून दिलं.

"आणि मी मेले नाही," मावशी म्हणाली. "तेवढाच काय तो गोंधळ झाला."

"गोंधळ?" मी किंचाळले. "तू याला गोंधळ म्हणतेस?"

"मग काय म्हणू? नवं औषध आलं, मी बरी झाले. दारात येऊन उभी राहिले, तर तू ताईच्या कडेवर. मी हात पुढे केले तर तू तिच्या खांद्यात तोंड लपवलंस आणि 'आई, आई' करत भोकाड पसरलंस. ताईच्या पोटात तुझा भाऊ होता. ती म्हणाली, मी जाते. म्हटलं, अशा अवस्थेत कुठे जातेस वेडे? राहा. मीच मावशी होते."

"आणि बाबा? बाबा काय म्हणाले?"

"त्यांनी बदली मागून घेतली. नव्या गावात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं." तिने सोललेले दाणे भांड्यात लोटले. "त्यांना मी पुन्हा हाक मारली नाही. भाऊजी जिभेवर येईना, आणि अहो म्हणायचा हक्क राहिला नव्हता. नळ तुटला तेव्हा तेवढं तोंडातून निघून गेलं. ताई शेजारीच उभी होती. तिने ऐकलं. एक शब्द बोलली नाही, पाणी पुसत राहिली."

एका मिनिटात माझा भाऊ सावत्र झाला, मावसभाऊही झाला. जिच्या फोटोसमोर मी रोज उभी राहते ती माझी मावशी. आणि जिला मी परवाच औषध चुकवलं म्हणून फाडफाड बोलले, ती... मला राग आला. ताईचा, बाबांचा, हिचा, सगळ्यात जास्त हिच्या त्या शांत आवाजाचा. "अख्खा जन्म गेला माझा!" मी म्हटलं. "अख्खा जन्म मी चुकीच्या बाईला आई म्हटलं!"

"चुकीच्या नाही," मावशी पहिल्यांदा कडक बोलली. "तापात रात्र-रात्र तुला घेऊन बसली ती. ताईला चोर ठरवशील तर माझ्याशी गाठ आहे."

अध्यक्ष रुमालाने नाक पुसत होते. शिंपीकाका हळूच म्हणाले, "बाई, कपड्याला अस्तर असतं. ते बाहेर काढून दाखवायचं नसतं."

"अस्तर गेलं खड्ड्यात!" मी ओरडले. "मंडळाचा नियम काय आहे? ऐकलं ते मांडायचं. लोकांच्या घरचं मांडताना माझी जीभ अडखळली नाही!"

काकांनी मान खाली घातली. त्यांनी तळहाताने ताईच्या नावापासून माझ्याकडे येणारी रेघ पुसली, अगदी अलगद, आणि खडू माझ्यापुढे ठेवला. पुढची रेघ तुम्ही ओढा, असं. मी खडू उचलला. मावशी माझ्या हाताकडे बघत होती.

"मी गेल्यावर लाव फलकावर," ती म्हणाली. "हवं तर."

"मग ते लावायचंच नाही," मी म्हटलं आणि खडू फेकून दिला. तो ओट्यावर आपटून तुटला.

ते दोघे गेले. दार लावून मी परत आले तेव्हा मावशी टरफलं गोळा करत होती. परवा तिला भूल देणार, आणि ती उठेलच याची खात्री नाही. मला नियमही नको होता, फलकही नको होता. मला एकदाच हाक मारायची होती. एवढं साधं काम, आणि मी आधी पेलाभर पाणी प्यायले.

"आई," मी म्हटलं.

मावशी टरफलं गोळा करत राहिली.

तिचे कान तल्लख आहेत. मधल्या खोलीत कुजबुजलेलं तिला ऐकू येतं. मी पुढे झाले आणि जरा मोठ्याने म्हटलं, "आई!"

तिने मान वर केली आणि माझ्याकडे नाही, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. ताईचा पलंग होता तिथे. "ताई नाहीये गं घरात," ती म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं, आणि टरफलं तिच्या हातातून खाली सांडली.

"सवय गं," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. "तू आई म्हणून रडायचीस ना, तेव्हा मी मुद्दाम जागची हलायची नाही. हात मांडीखाली दाबून बसायची. एकदा जरी ओ दिली असती तर तू दोघींच्या मध्ये फाटली असतीस. म्हणून कानाला तसंच वळण लावलं मी. आता ती हाक आली की माझ्यासाठी आहे असं वाटतच नाही मला. रागावू नकोस हं."

मी खाली बसले. टरफलं वेचायला लागले, कारण दुसरं काय करावं ते मला कळत नव्हतं. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, फरशीवर नुसताच हात फिरत होता.

"मावशी," मी म्हटलं.

"ओ," ती लगेच म्हणाली.