सहाव्या इनिंगमधले चार आऊट

हरीशच्या स्कोअरशीटवरची प्रत्येक चौकट नऊ मिलिमीटरची आहे. मी मोजली आहे. खेळाडू आऊट झाला की हरीश त्याच्या चौकटीत बारीक पेन्सिलीने गोल काढतो, आणि ते गोल खरोखर गोल येतात. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही कामात त्याचा हात इतका स्थिर नसतो.

सप्टेंबरचा शेवटचा रविवार आमच्याकडे बेसबॉलचा असतो. खेळायचा नाही, ऐकायचा. १९५३ सालच्या एका सामन्याचं रेडिओवरचं समालोचन हरीशला कुठूनसं मिळालं. सीझनचे चार दिवस उरले होते, दोन्ही संघ शर्यतीतून केव्हाच बाहेर पडले होते, जिंकून कोणाचंच भलं होणार नव्हतं. तरी हरीश आणि त्याचा ऑफिसमधला मित्र जयेश, नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावातल्या आमच्या हॉलमध्ये खाऱ्या शेंगा सोलत तो पहिल्या चेंडूपासून ऐकतात. निकाल माहीत नसल्यासारखं वागायचं, हा नियम. यंदा पाचवं वर्ष. हरीश अकरा महिने अ‍ॅरिझोनाला होता, तेवढ्या भांडवलावर हे सगळं. तिथल्या स्टेडियममध्ये तो एकदाच गेला आणि ऊन लागून अर्ध्यातून परत आला.

मला ग्रोनिंगनच्या युनिव्हर्सिटीत, स्फटिकांवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत कायमची जागा मिळाली होती. उत्तर सोमवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी द्यायचं होतं. बेस्टहून तिथे ट्रेनने तीन तास. रोज जाऊन येण्यासारखं नाही. त्यांनी दोन वर्षांपूर्वीही विचारलं होतं. तेव्हा हरीशचं इथे राहण्याचं परमिट अडलं होतं म्हणून मी नाही म्हटलं. या वेळी तो तीन आठवडे म्हणत होता, बोलू, सीझन संपू दे. सत्तर वर्षांपूर्वी संपलेला सीझन. आणि मी थांबले, तेही खरं.

सहाव्या इनिंगला मी वडे घेऊन गेले. रेकॉर्डिंगमध्ये तिथे दोनेक मिनिटं नुसती खरखर आहे, शब्द कळत नाही. हरीशची पेन्सिल मात्र थांबली नव्हती. एकाच संघापुढे त्या इनिंगमध्ये चार गोल होते. तीन आऊटला डाव संपतो, एवढं पाच वर्षांत मलाही कळलं आहे.

मी तसं म्हटलं. समालोचकाची चूक असेल, असं हरीश वर न बघता म्हणाला. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं. मी कपाटातून फाइल काढली. जुन्या चारही शीट त्याने लॅमिनेट करून ठेवल्या आहेत. चारींवर सहाव्या इनिंगमध्ये चार गोल, त्याच चार नावांसमोर. पहिल्या वर्षी त्याने त्या खरखरीच्या जागी अंदाजाने भरलं होतं, पुढे दरवर्षी उतरवलं होतं.

जयेशला हसू आवरेना. "वहिनी, तुम्हीच अंपायर व्हा. आम्हाला शेंगा खाताना बोलू देत नाही हा, म्हणे लक्ष जातं. आणि स्वतः कॉपी मारतोय."

"तुला फाइल काढायला कोणी सांगितलं?" हरीश मला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने जाहीर केलं की सामना पहिल्यापासून ऐकायचा, आणि कोरी शीट घेतली. चूक मान्य करण्यापेक्षा त्याला अडीच तास पुन्हा बसणं सोयीचं होतं.

विषय बदलावा म्हणून जयेशने ग्रोनिंगनचं काय ठरलं ते विचारलं. विचारलं मला होतं.

"ठरेल रे," हरीशने उत्तर दिलं. "घाई काय आहे? तिथे गेल्यावाचून तिचं काही अडलेलं नाही."

तो खेळाडूंची नावं लिहू लागला. अक्षर सुरेख. तिसऱ्या नावावर मी रेकॉर्डिंग बंद केलं, तेव्हा त्याने मान वर केली.

"हरीश, मी उद्या होकार कळवतेय. नोव्हेंबरपासून ग्रोनिंगनला राहणार आहे. तू इथेच राहा."