पडद्याखालचे बूट

मित्रांनो, सगळा जन्म भाषणं ठोकणाऱ्यांच्या घरात गेला, पण मला स्वतःला बोलायची पाळी आज पहिल्यांदाच आली. मी एक जुना पडदा आहे. लाल मखमलीचा, आमच्या देशाच्या संसदेत, वरच्या सभागृहाच्या दाराशी टांगलेला. छप्पन्न वर्षं एकाच दांडीला लटकलो आहे, तेव्हा थोडी कटकट केली तर ऐकून घ्या.

माझा जन्म नदीकाठच्या सांता ओब्दुलिया गावातल्या मखमल गिरणीतला. तिथल्या हवेत कापसाची धूळ इतकी, की बाया तोंडाला फडकं बांधून कामाला उभ्या राहत. मला बेतलं एदुविहिस नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने. कापताना तिला खोकल्याची उबळ आली, कात्री सरकली आणि मी चार बोटं आखूड झालो. मुकादमाने तिला तीन दिवस बोलणी ऐकवली. पण सभागृहाचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, म्हणून मला तसंच टांगलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. पाहुणे माझ्यावरून हात फिरवायचे, शिपाई रोज मला ब्रशने झटकायचे. कायदा कसा होतो तेही मी इथेच शिकलो. आधी मसुदा लिहितात. तो समितीत जातो, तिथे त्याची चिरफाड होते. मग खालचं सभागृह, मग आमचं वरचं, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षांची सही. आमच्याकडे एकतीस सदस्य आहेत. त्यातले सोळा खुर्चीत बसले तरच कामकाज सुरू होतं. घंटा वाजते, अर्धा तास वाट पाहतात, आणि सोळा भरले नाहीत तर बैठक रद्द. दोन वर्षांत मंजूर न झालेला मसुदा आपोआप मरतो. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नियम वाईट नाही. पण त्यातली पळवाट मी आहे, हे सांगताना मला लाज वाटते. ज्यांना होकारही द्यायचा नसतो आणि नकारही, ते येतात आणि माझ्यामागे उभे राहतात. खुर्चीपासून चार पावलांवर. भोपळ्याच्या वाटीतला येर्बाच्या पानांचा कडू काढा एकाच नळीने आळीपाळीने ओढत ते अर्धा तास संपायची वाट पाहतात.

परवाच्या नोव्हेंबरात असंच झालं. गिरणीच्या धुळीने ज्यांची छाती गेली, त्यांना मरेपर्यंत घरी प्राणवायू मिळावा, असा मसुदा होता. खालच्या सभागृहाने तो मंजूर केला होता. आमच्याकडे दोन बैठका अशाच फुकट गेल्या. ही तिसरी, आणि मुदतीचा शेवटचा दिवस.

समोरच्या सज्जात गिरणीच्या म्हाताऱ्या येऊन बसल्या होत्या. मधोमध एदुविहिस होती, पंचाहत्तरीची. जिना चढताना ती पाच वेळा थांबली होती.

घंटा वाजली. पंधरा जण बसले, एकच कमी. माझ्यामागे तिघे होते, त्यात सांता ओब्दुलियातून निवडून आलेला फ्रेतेस.

"विरोधात गेलो तर गावात तोंड दाखवायची सोय नाही," तो हळूच म्हणाला. "बाजूने गेलो तर पक्ष तिकीट कापेल. त्यापेक्षा बसायचंच नाही. न बसलेल्याला कोण नावं ठेवतंय?"

सज्जातून बोलायला बंदी आहे. तरी एदुविहिस कठडा धरून उभी राहिली. माझ्या काठाखाली चार बोटांच्या फटीत तिला सहा बूट दिसत होते.

"अरे फ्रेतेस," ती म्हणाली, "तपकिरी बूट तुझेच ना? माझ्या अंगणात मतं मागायला आलास तेव्हा आल्याआल्या खुर्ची मागितलीस. सूप दोनदा घेतलंस. आज इथे खुर्ची आयती आहे, बाबा. बस की."

तपकिरी बुटाचं एक टोक पुढे सरकलं, अगदी माझ्या काठाबाहेर आलं. मी तेव्हा जन्मात पहिल्यांदा वाऱ्याची वाट पाहिली. दार उघडावं, झुळूक यावी आणि मी बाजूला व्हावं.

"बस म्हणाली की बसायला तू काय कुत्रा आहेस?" शेजारचा त्याची बाही ओढत म्हणाला.

बूट मागे गेला. अध्यक्षांनी सज्जा रिकामा करायला सांगितला, आणि सात मिनिटांनी अर्धा तास संपला.

आन्सेल्मो शिपाई म्हाताऱ्यांना खाली घेऊन आला. सभागृह ओस पडलं होतं. "पुन्हा पहिल्यापासून म्हणजे किती रे?" एदुविहिसने त्याला विचारलं.

"दोन-तीन वर्षं जातात, आजी."

"एवढं मी कशाला थांबतेय?" तिने माझा काठ हातात धरून उलटा केला. "ही माझीच कात्री. याच्यापायी किती शिव्या खाल्ल्या. म्हटलं, चूक एकदा तरी कामाला आली. तीही अर्धीच." तो हात मला ओळखीचा वाटला.

मार्चमध्ये नवं अधिवेशन भरलं. पहिल्या दिवशी एकतीसच्या एकतीस जण वेळेवर बसले आणि एकमताने ठराव झाला, की सभागृहाच्या शोभेसाठी पडद्याला खाली पट्टी जोडावी. सज्जात त्या दिवशी दोनच म्हाताऱ्या होत्या, बाहीला काळी फीत लावून. मधली जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

आता मी जमिनीला टेकतो. माझ्याखाली काहीच दिसत नाही.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी हात जोडून सांगतो, की आमची काळजी घ्या. मी तसं सांगणार नाही. मला झटकू नका, ऊन दाखवू नका. मला कसर लागू द्या, भोकं पडू द्या, मागे उभा असलेला माणूस बुटापासून तोंडापर्यंत दिसू द्या. पण माझं कोण ऐकतो? कालच आन्सेल्मोने नव्या पट्टीच्या शिवणीत डांबराच्या गोळ्या भरल्या. पडदा आता आणखी पन्नास वर्षं टिकेल, असं तो सांगत होता.