आबांच्या फोनवर आलेली ओटी

चैत्रातल्या दुपारी मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत कूलरांच्या घरघरीखेरीज दुसरा आवाज नसतो. त्या घरघरीला छेदून यंदा भिंतीपलीकडून एक बारीक टिंग ऐकू यायची, रिकाम्या कळशीत थेंब पडावा तशी, आणि तिच्यामागोमाग फरशीवरून लगबगीनं सरकणारी अनवाणी पावलं. ती पावलं अक्कांची, आणि तो आवाज त्यांच्या यजमानांच्या, आबांच्या, फोनचा. आबा थंडीत गेले. फोन मात्र त्यांच्या खाटेवर, त्यांच्या उशीशेजारी, चार्जरला लावलेला असे. तो वाजला की अक्का हातातली पोळी तव्यावर टाकून धावत, आणि मग कधी कधी ती पोळी करपल्याचा वास आमच्या घरापर्यंत येई.

अक्का म्हणजे मूठभर बाई. अमळनेरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन आल्या, आणि इतकी वर्षं शहरात राहूनही बोली जशीच्या तशी ठेवली. डोक्यावरचा पदर उन्हातही ढळत नाही. बोलताना नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर न ठेवता त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी ठेवतात, जणू मागून आणखी कोणी यायचं आहे. सकाळचं कोवळं ऊन ओट्यावर उतरलं की त्या तिथे धान्य निवडत बसतात, तेव्हा सुपातल्या गव्हाचा रंग आणि त्यांच्या हाताचा रंग एकच दिसतो. त्या हातांचं मला फार कौतुक. भरताचं वांगं भाजताना त्या निखाऱ्यावरच्या वांग्याला बोट टेकवून ते आत शिजलं की नाही ते सांगतात, आणि फोनच्या काचेवरही तसंच बोट टेकवतात, जरा दाबून, जरा थांबून, आतून काही मऊ लागतं का ते पाहत. काच ऐकत नाही. मग त्या बोट जिभेला लावतात आणि पुन्हा टेकवतात. फोन एकदम चार गोष्टी उघडतो, आणि त्या "आ गं माय" म्हणून हात मागे घेतात.

आबा होते तोवर हे सारं त्यांच्याकडे होतं. गॅस लावणं, विजेचं बिल भरणं, बँकेचं काय ते पाहणं, सगळं ते खाटेवर मांडी घालून, चष्मा कपाळावर चढवून करत, आणि अक्का चहा ठेवता ठेवता दुरूनच "झायं का?" एवढंच विचारत. इतक्या वर्षांचा संसार त्या "झायं का" वर निर्धोक चालला. आबा गेल्यावर मुलगा सुरतहून आला, आईला नवा फोन घेऊन दिला, दोन दिवस शिकवला आणि कामावर परत गेला. अक्कांना त्यातली हिरवी गोळी दाबायची ती उचलायला आणि लाल दाबायची ती ठेवायला, इतकं उमगलं. त्याच्या पलीकडे सगळं धुकं. खरं सांगायचं तर त्या धुक्यात मीही फारशी पुढे नाही. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आणि आता 'पासवर्ड विसरलात?' हा प्रश्न दिसला की मला वर्गात उभं केल्यासारखं होतं. आंधळ्याच्या माळेत जी पुढे असते तिला बाकीच्या डोळस समजतात, इतकंच.

एका दुपारी अक्का माझ्या दारात आल्या त्या धापा टाकतच. चेहरा रागानं लाल, पदराचं टोक मुठीत.

"सुनंदा, त्या गॅसवाला माले ओटी ईचारी ऱ्हायना!"

मी बाहेर पाहिलं. गॅसवाला भाऊ सिलिंडर खांद्यावर घेऊन अक्कांच्या बंद दारासमोर उन्हात उभा होता, बिचारा गोंधळून माझ्याकडे पाहत. "ताई, मी फक्त म्हटलं, अक्का, ओटीपी आला का? त्यांनी दारच लावून घेतलं."

मी हसले. हसू आवरेना. अक्कांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, अहो, ओटी नाही, ओटीपी, मोबाइलवर आकडे येतात, ते त्याला सांगितले की तो सिलिंडर देतो. अक्कांनी ऐकून घेतलं. मग खांद्यापलीकडे पाहत म्हणाल्या, "मन्ही ओटी आते कोन भरस व माय? त्याले कळाले नको?"

माझं हसू तिथेच थांबलं. कालपरवापर्यंत ज्या बाईची चैत्रात गल्लीतल्या प्रत्येक घरी ओटी भरली जाई, तिला यंदा कोणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. गहू, नारळ, खण पदरात घेऊन घरी येणारी ती बाई यंदा आपल्या खिडकीत उभी राहून दुसऱ्यांचे भरलेले पदर जाताना पाहत होती. या रीतीचा मला मनापासून संताप येतो. माणूस गेला तो गेला, वर मागे राहिलेलीला आणखी एकदा वजा करायची, हा कुठला हिशोब? पण संताप येतो म्हणून मी तरी त्यांना बोलावलं होतं का, असं कोणी विचारलं असतं तर मी हळदीकुंकूच करत नाही, या उत्तराआड लपले असते.

आकडे आबांच्या फोनवर आले होते. सगळीकडे त्यांचाच नंबर होता ना. मी ते गॅसवाल्याला वाचून दाखवले, तो सिलिंडर ठेवून गेला, आणि अक्का खाटेवर बसून त्या फोनकडे एकटक पाहू लागल्या. त्यांच्या मनात काहीतरी जुळत होतं आणि काहीतरी सुटत होतं. "त्यास्ना फोनवर उनी," त्या हळूच म्हणाल्या. "पन मन्ही शे ना ती?"

तुमचीच, मी म्हटलं. शब्दार्थानं ते खरंही होतं.

त्या दिवसापासून अक्का त्याला ओटीच म्हणू लागल्या. मी दुरुस्त करायचं सोडलं. जन्मभर पोरांच्या वेलांट्या दुरुस्त केल्या, या एका शब्दाला हात लावायचं धाडस मात्र झालं नाही. फोन वाजला की त्या धावत, खाटेच्या कडेला बसत, पदराचं टोक पसरून त्यात फोन घेत आणि उजळलेल्या काचेकडे पाहत. कधी बँकेचा निरोप असे, कधी रिचार्जची जाहिरात, कधी कोणा अनोळख्याचं कर्ज देऊ करणं, आणि प्रत्येकाच्या आरंभी आबांचं नाव. अक्कांना अक्षरं लागत, अर्थ लागत नसे. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, आणि आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसाची घागर भरतात. कुंभाराकडून घागर आणून त्यांनी कोपऱ्यात ठेवली होती. तिच्याकडे आणि फोनकडे आळीपाळीनं पाहत त्या मला म्हणाल्या, "घागर बी त्यास्नीच भरानी, आनि फोन बी त्यास्नाच वाजस. माले काही समजस नही." मलाही समजलं नाही. घागर सांगत होती की ते पितरांत गेले, आणि फोन सांगत होता की प्रिय ग्राहक, आपण अजून आहात.

मग मुलाचा मला फोन आला. आबांचा नंबर आता बंद करायचा, म्हणाला, दोन-दोन फोन कशाला चालवायचे. त्याआधी बँकेत जाऊन आईचा नंबर लावून घ्या, नाहीतर पेन्शन अडकेल, मग पळापळ होईल. त्याचं काही चुकीचं नव्हतं. मी ते अक्कांच्या कानावर घातलं. संध्याकाळी त्यांनी कुंपणापाशी येऊन एवढंच विचारलं, नंबर बंद झाला की मग तो वाजणारच नाही का. नाही वाजणार, मी म्हटलं. त्या आत गेल्या.

बँकेत गर्दी होती. टोकनच्या यंत्रासमोर मी चुकीचं बटण दाबलं आणि कर्जाच्या रांगेत जाऊन बसले, ते एका मामांनी सांगितल्यावर कळलं. शेवटी काउंटरवर पोहोचलो तर समोर एक तरुण मुलगी, नुकतंच लग्न झालेली, हातात हिरवा चुडा, गळ्यात काळी पोत, खांद्यावर ओढणी. बोलायला गोड होती. तिनं कागद पाहिले, काहीतरी टिपलं आणि म्हणाली, "आजी, जुन्या नंबरवर ओटीपी पाठवलाय. तो सांगा, म्हणजे नवा नंबर लागेल."

अक्कांच्या मुठीत, पदराआड, आबांचा फोन वाजला. अक्का हलल्या नाहीत.

"आजी, आला ना? वाचून दाखवा."

"नही," अक्का म्हणाल्या. "ती कोनले सांगानी नही. फोनमा रोज सांगतस."

मुलगी हसली. बरोबर आहे आजी, म्हणाली, फोनवर कोणी विचारलं तर नाही सांगायचं, पण आम्ही बँकच आहोत. अक्कांनी मान हलवली आणि मूठ आणखी घट्ट केली. वेळ संपली. मुलीनं पुन्हा पाठवला, पुन्हा तो पदराआड वाजला, पुन्हा वेळ संपली. मागची रांग चुळबुळू लागली. मी अक्कांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना फसवणुकीची भीती नव्हती. एकदा तो आकडा ओठांबाहेर गेला की आबांच्या फोनवर आपल्यासाठी काही यायचं कायमचं थांबणार, एवढं एक त्या साऱ्या गोंधळात त्यांना स्वच्छ कळलं होतं.

"अक्का," मी म्हटलं, "नाही द्यायचं तर चला घरी. आपण काहीतरी करू." काय करणार होते, मलाही ठाऊक नव्हतं.

अक्का बराच वेळ त्या मुलीच्या हिरव्या चुड्याकडे पाहत राहिल्या. मग फोन पुन्हा वाजला तेव्हा म्हणाल्या, "पदर पसर बेटा."

मुलीला कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी डोळ्यांनी विनवलं, आणि कुणास ठाऊक काय वाटून ती उठून उभी राहिली, काउंटरच्या काचेखालच्या फटीपाशी दोन्ही हातांनी ओढणी पसरून. अक्कांनी क्षणभर हात मागे घेतला. मागच्या रांगेत आमच्या गल्लीतलीच एक बाई होती आणि तिच्या भुवया वर गेलेल्या मला दिसल्या. अक्कांनाही दिसल्या असाव्यात. तरी त्यांनी उजळलेला फोन दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि त्या परक्या पोरीच्या ओढणीत ठेवला. पोरीनं वाकून नमस्कार केला. मग आकडे टिपले, फोन अक्कांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "झालं, आजी."

 आखाजीला अक्कांनी घागर भरली, तिच्यावर आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, मुलगा आला, गॅसलाही आईचा नंबर लावला, आणि जाताना आबांचं सिम काढून घेऊन गेला.

नंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले असताना टिंग वाजली. या वेळी ती अक्कांच्या कमरेला खोचलेल्या नव्या फोनातून आली, आणि सवयीनं त्या खाटेकडे धावल्या. तिथे काळी, मुकी काच. त्या परत फिरल्या, कमरेचा फोन काढला, गॅसचा आकडा होता तो पाहिला.

"आते ही कोनी धाडी?"

गॅसवाल्यांनी, मी म्हटलं. यंत्रच पाठवतं, आपोआप.

अक्का खाटेच्या कडेला बसल्या. उशीवरून हात फिरवला. "पयले बी यंत्रच धाडे का?"

मी तोंड उघडलं. आयुष्यभर मी पोरांना बरोबर उत्तर द्यायला शिकवत आले, आणि इथे बरोबर उत्तर माझ्या जिभेवर आलेलं होतं. अक्कांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत थेट पाहिलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "सांगू नको."

माणूस गेल्याचं काळाला तत्क्षणी कळतं, त्याच्या घराला मात्र ते हळूहळू, एकेका आवाजानं कळत जातं. आणि शेवटचा आवाज थांबल्यावरही घरातलं एखादं मन ते ऐकून घ्यायला नकार देतं, त्या नकारालाच आपण आठवण म्हणतो.