कापलेलं तिसरं वाक्य

मित्रांनो, मी कॅसेटवर चालणारा एक जुना टेपरेकॉर्डर आहे. झाकणाला तडा गेलाय, एक बटण आत रुतलंय. पण माझ्या जिवाला अजून स्वस्थता नाही.

कारखान्यातून निघालो तो थेट विद्यापीठात, मानसशास्त्राच्या प्राध्यापिकेच्या टेबलावर. ‘परग्रहवासीयांनी मला उचलून नेलं’ असं सांगणाऱ्या माणसांचा ती अभ्यास करायची. परग्रहवासी आहेत की नाहीत, हा तिचा प्रश्नच नव्हता. अशी आठवण माणसाच्या मनात घट्ट कशी बसते, ते तिला शोधायचं होतं. तिची एक पद्धत होती. समोरच्याचं वाक्य ती जसंच्या तसं परत म्हणायची, म्हणजे तो पुढे बोलायचा. “याच्याइतकं नीट कुणी ऐकत नाही,” असं ती माझ्याबद्दल म्हणायची आणि मी फुगून जायचो.

एका दुपारी एक पोस्टमन आला. ‘तुमचा आवाज या खोलीबाहेर जाणार नाही’ असा तिने शब्द दिला, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

“त्यांनी मला नेलं, मॅडम.”

“त्यांनी तुम्हाला नेलं.”

“खरंच नेलं की माझं डोकं फिरलं, कुणास ठाऊक, पण बायको गेल्यापासून मी घरात कुणाशी बोललोच नाही हो.”

महिन्याभराने एका वृत्तवाहिनीचा पत्रकार आला. “काम कसं चालतं तेवढं ऐकू द्या ना, ताई!” तिने आतल्या पोस्टमनच्या कॅसेटसकट मला त्याच्यापुढे ठेवलं आणि तासाला पळाली. चूक झाली ती इथेच. हा बहाद्दर मला आपल्या यंत्राला जोडून सगळं उतरवून मोकळा!

बातमीत दोनच वाक्यं वाजली. एक पोस्टमनचं, एक तिचं. खाली पट्टी: ‘प्राध्यापिकेचा दुजोरा!’ तिसरं वाक्य कापलं, कारण त्यात उडती तबकडी नव्हती, नुसता माणूस होता. लाज विकून खाल्लेले लोक! ते वाक्य माझ्या पोटात होतं, आणि बटण दाबल्याशिवाय मला बोलता येत नाही. मी नुसता तडफडत राहिलो.

विभागप्रमुखांनी अभ्यास गुंडाळला. पोस्टमनचा आवाज तर दारोदार ओळखीचा. “काका, मंगळावरून पत्र आलं का?” पोरं ओरडायची. सासरी त्याच्या लेकीची टिंगल झाली, तिने बापाचा फोन घेणं सोडलं.

शेवटी तो त्या खोलीत येऊन उभा राहिला. “मॅडम, एकुलती एक लेक तुटली माझी.”

प्राध्यापिकेने सबब सांगितली नाही. “शब्द मी मोडला,” म्हणाली. कॅसेट त्याच्या हातात दिली. वर मलाही दिलं.

मला काखोटीला मारून तो थेट लेकीच्या दारात गेला. ती दार लावून घेत होती. “शिव्या नंतर घाल. आधी हे अख्खं ऐक,” तो म्हणाला.

तिने उभ्याउभ्याच ऐकलं. तिसरं वाक्य वाजलं तशी ती खाली बसली.

“बाबा, हे मला का नाही सांगितलंत?”

“तू हसली असतीस.”

“हसले असते,” ती म्हणाली. खोटं बोलली नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाचं बोलणं अर्ध्यावर कापू नका, आणि कापलेलं ऐकून दात काढू नका. पुढे काय म्हणाला, एवढं तरी विचारा.

लेकीने मला बंद केलं आणि बापाकडे वळली.

“आता तुम्ही सांगा. मी बसलेय.”