राजाचं डावं पाऊल

राजा मेल्याला छत्तीस दिवस झाले होते. अजून चौतीस दिवसांनी त्याला डोंगरातल्या थडग्यात ठेवायचं होतं. तोवर त्याचा देह नाईलच्या पश्चिम काठावरच्या मांडवात, खाऱ्या मिठाखाली होता. नुबेत रोज सकाळी नावेनं पलीकडे जाई आणि मांडवापासून बऱ्याच अंतरावर एका बाभळीखाली बसून राही. तिथून दिसत काहीच नसे. पण वाऱ्यानं मांडवाचं कापड हललं, की तिला उगाच वाटे, इपीनं कूस बदलली.

राजाला इपी हे नाव तिनंच ठेवलेलं. दरबारात त्याला पाच मोठमोठी नावं होती आणि वय अवघं अठरा. जन्मला त्याच दिवशी त्याला दाई म्हणून नुबेतच्या मांडीवर दिलं होतं. एका बाजूला तिचा स्वतःचा मुलगा खाये, दुसऱ्या बाजूला राजाचा मुलगा. दोघं एकाच दुधावर वाढले. पुढे एक राजा झाला आणि दुसरा त्याचा सारथी.

आता एक मिठाखाली होता आणि दुसरा कोठडीत.

राजा कशानं गेला, याचा तपास सेनबी नावाच्या म्हाताऱ्या लेखनिकाकडे होता. त्या दिवशी नुबेत बाभळीखालून उठली ती थेट त्याच्या ओसरीवर गेली. सेनबी चटईवर मांडी घालून बोरूला टोक काढत होता.

"सेनबीदादा, माझ्या खायेचं काय ठरलं?"

"बस आधी. पाणी पी. उन्हातून चालत आलीस ना, शहामृगासारखी."

"बसते. पण सांगा."

सेनबीनं बोरू खाली ठेवला. "काय सांगू? राजे जाण्याच्या चार दिवस आधी रथ कलंडला. रथ खाये हाकत होता. राजे पडले, हे तो स्वतःच कबूल करतो. आणि मांडवातल्या मुख्य माणसानं लिहून पाठवलंय, डावं पाऊल घोट्यातून मोडून पार आत वळलेलं आहे. पाय मोडला, त्यातून ताप चढला, तापानं जीव गेला. असा सरळ हिशेब आहे हा."

"मोडून वळलंय असं लिहिलंय?"

"हो. तूही बघितलेस ना राजांचे पुतळे? प्रत्येक देवळात उभे आहेत, दोन्ही पावलं सरळ. मग मांडवात वाकडं कुठून आलं? उद्या मला निकाल द्यायचाय, नुबेत. राजाचा जीव घेणाऱ्याला काय शिक्षा असते, ते माझ्या तोंडून ऐकू नकोस."

नुबेतनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. वाकडं कुठून आलं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते पाऊल जन्मतःच तसं होतं. तिनं त्याला दीड वर्षं तेल चोळलं होतं. इतर मुलं पळायला लागली तेव्हा इपी भिंत धरून उभा राहायला शिकत होता. ती दोन पावलं मागे सरे आणि हात पुढे करे. तो पडे, रडे, आणि पुन्हा उठे. एकदाही तिनं त्याला घाई केली नाही. बाहेरच्या कडेवर भार देऊन चालायचं कसं, हे दोघांनी मिळूनच शोधून काढलं होतं. पण थोरल्या राणीनं, इपीच्या आईनं, तिला शपथ घातली होती. राजाच्या अंगात खोट आहे हे कोणालाही कळता कामा नये, वैद्यालासुद्धा नाही. लांब झगे, काठी, पालखी, आत गादी शिवलेल्या चपला, सगळं त्यासाठीच. राणी वारली, तरी शपथ होतीच. आणि मूर्तिकार कोणत्याही राजाला वाकड्या पायाचा घडवत नाहीत.

ती कोठडीवर गेली. पहारेकऱ्यानं भाकरी चाचपून बघितली आणि तिला जाळीपाशी सोडलं.

"खाये, तू त्यांना पायाचं का सांगितलं नाहीस?"

"हळू बोल, आई."

"त्यांना वाटतंय, रथातून पडून पाय मोडला."

"वाटू दे." खायेनं भाकरी घेतली, पण खाल्ली नाही. "मी त्याला शब्द दिलाय."

"शब्द मीही दिलाय. पण तुझी मान जाईल, मूर्खा."

"जाईल तर जाईल. तूच शिकवलंस ना, त्याचं ते आपल्या तिघांत राहील म्हणून? आता शिकवलेलं परत घेतेस?"

नुबेतनं विचारलं, "त्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता का?"

"होता. दोन दिवसांपासून हुडहुडी भरत होती. दलदलीत बदकं मारायला गेलो होतो, तेव्हापासून. मी नको म्हटलं, तर म्हणाला, खाये, रथ काढ. रथात पुढची फळी पायांच्या आड येते. तिथे मी तुझ्यासारखाच उभा असतो." खायेनं तोंड फिरवलं. "मी काढला. वळणावर रथ कलंडला, त्याचा तोल गेला. खरचटलं फक्त. हसत होता, आई."

नुबेत तशीच उलट पावली सेनबीकडे गेली. "मला मांडवात न्या," ती म्हणाली. "मी दाखवते. माझं खोटं निघालं तर खायेच्या शेजारची कोठडी रिकामीच आहे."

सेनबीनं उठून काठी शोधली.

मांडवाच्या दाराशी हेपू बसला होता. आतडी काढण्यासाठी देहाला पहिली चीर द्यायचं काम त्याचं. चीर दिली, की रीतीप्रमाणे सगळ्यांनी त्याला दगड मारत पिटाळायचं, कारण राजाच्या देहाला त्यानं जखम केलेली असते. काही दिवसांनी तो मुकाट्यानं परत कामावर येई. त्याच्या शेजारी कोणी जेवायला बसत नसे.

"मावशी, त्या दिवशी तुम्हीही मारला होतात दगड," तो म्हणाला.

"मारला. लागला नाही."

"लागला. पाठीत." त्यानं पाठ चोळल्यासारखं केलं. "जोर आहे अजून हातात. काय काम काढलंत?"

"त्याचं डावं पाऊल बघायचंय."

हेपूनं सेनबीकडे बघितलं. सेनबीनं मान हलवली. तिघं आत गेले. हेपूनं पायथ्याकडचं मीठ हातानं बाजूला केलं. पाऊल वाळून काळपट झालं होतं, अर्ध्यानं लहान झालं होतं. पण आतला बाक तोच होता. नुबेतनं शंभर पावलांतून ओळखलं असतं ते. ती रडली नाही. रडायला आणखी चौतीस दिवस होते.

"दादा, बाहेरच्या कडेवर बोट ठेवा. करंगळीच्या खाली."

सेनबीनं नाइलाजानं बोट ठेवलं.

"कसं लागतंय?"

"घट्ट. टाचेसारखं."

"घट्टा आहे तो. पाय मरणाच्या चार दिवस आधी मोडला असता, तर तिथे घट्टा पडला असता का? अठरा वर्षं याच कडेवर चाललाय तो."

हेपूनं वाकून स्वतः चाचपलं. "मावशी खरं सांगतात," तो म्हणाला. "मला मीठ भरतानाच दिसलं होतं. हाड कुठेही तुटलेलं नाही. घडणच तशी आहे."

"मग बोलला का नाहीस?" सेनबी वैतागला.

"मला विचारलं कोणी? मला दगड मारतात, विचारत नाहीत."

सेनबीनं तिथेच उभ्या उभ्या लिहिलं, राजे दलदलीच्या तापानं गेले. पायाबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. "खाये सुटेल," तो म्हणाला. "पण त्यानं शहरात राहू नये. उत्तरेला, घोड्यांच्या तबेल्यांवर जाऊ दे. आणि नुबेत, आज तू इथे आलीच नव्हतीस."

नुबेतनं मान डोलावली. मग ती हेपूकडे वळली. "गुंडाळताना सरळ करणार का रे पाऊल?"

"हुकूम आहे तसा. तिकडे देवांसमोर धड अंगानं जायला पाहिजे."

"मग हळू कर. घोट्याशी तो फार हळवा आहे. आणि तेल जास्त लाव."

"लावीन, मावशी."

दोन दिवसांनी खाये सुटला. उत्तरेची नाव यायची होती. दोघं धक्क्यावर बसले होते. तिनं त्याच्यापुढे कांदा आणि सुकी मासळी ठेवली, पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

"तू त्यांना सांगितलंस," शेवटी तो म्हणाला.

"सांगितलं."

"त्याला एवढंच हवं होतं, आई. आयुष्यभर एवढंच."

"मला ठाऊक आहे."

"तिकडे देवांकडे गेल्यावर तो तुला विचारील. शब्द का मोडलास म्हणून."

नुबेतनं पलीकडच्या काठाकडे बघितलं. ऊन चढलं होतं आणि मांडव एवढासा दिसत होता.

"विचारू दे की," ती म्हणाली. "रागावून का होईना, बोलायला येईल माझ्याशी."

खायेनं मासळीचा तुकडा मोडला, अर्धा तिच्या हातात ठेवला आणि तिच्याजवळ सरकून बसला.